हिवाळ्यात स्पितीला निघताय? या चुका टाळा

जानेवारी-फेब्रुवारीतल्या, हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याचे फोटो पाहिले की वाटतं, थंडी सोसायची तयारी असली की झालं. प्रत्यक्षात ज्यांची सहल अर्ध्यावर मोडते, त्यातल्या बहुतेकांचा घोळ घरीच झालेला असतो: डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये बसून, रजेचे दिवस मोजून, उन्हाळ्याच्या हिशेबाने आखलेल्या वेळापत्रकात. तुमची रविवारची परतीची फ्लाइट ना घाटाला ठाऊक असते, ना फुप्फुसांना. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत, त्यातल्या निम्म्याहून अधिक नुसत्या घाईच्या आहेत.

अटल बोगदा झाला, आता मनालीहून सरळ काझा

काझा म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की सुरुवात इथूनच करावी लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा रोहतांगखालून जातो आणि तुम्हाला लाहौलमध्ये, सिस्सूच्या बाजूला आणून सोडतो. लाहौल आणि स्पिती यांच्या मधोमध कुंझुम खिंड आहे, साडेचार हजार मीटरच्या वर. तिच्याखालून कुठलाही बोगदा नाही. बर्फ पडायला लागला की कुंझुम बंद होते आणि साधारण मे-जूनपर्यंत उघडत नाही. नकाशाचं अॅप कधीकधी तो रस्ता चालू असल्यासारखा दाखवतं. त्याच्या भरवशावर मनालीचं हॉटेल बुक करू नका.

हिवाळ्यात स्पितीत शिरायचं दार एकच: शिमला, नारकंडा, रामपूर, मग सतलजच्या कडेकडेने किन्नौर, खाबला स्पिती नदीचा संगम, पुढे नाको, सुमदो, ताबो, काझा. गेलात त्याच वाटेने परत यायचं. ‘सर्किट’ वगैरे उन्हाळ्यात.

आठ दिवसांच्या रजेत कोंबणं

चंदीगडहून काझा म्हणजे पाचशेहून जास्त किलोमीटर, तेही सगळा डोंगरी रस्ता. कागदावर तीन दिवसांत जमतं, म्हणून लोक तसंच करतात. माझ्या मते हिवाळ्यात चंदीगड ते चंदीगड दहा दिवस कमीत कमी, आणि त्यावर दोन दिवस निव्वळ राखीव. राखीव म्हणजे त्या दिवसांवर काहीही बेत आखायचा नाही. ‘वेळ उरला तर चितकूल’ असं लिहून ठेवलेला दिवस राखीव नसतो.

साधारण असं बसवा: पहिली रात्र नारकंडा. दुसरी आणि तिसरी कल्पा (जवळपास २,९५० मीटर). इथली जादाची रात्र कापायचा मोह सगळ्यांना होतो आणि नेमकी तीच पुढे उपयोगी पडते. चौथी ताबो, सुमारे ३,३०० मीटर. वाटेत नाको लागतं, चहाला थांबा, पण मुक्काम नको. ते साडेतीन हजारांच्या वर आहे आणि कल्पाहून थेट तिथे झोपणं म्हणजे उडी जरा लांब पडते. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला. आतली भित्तिचित्रं बघायला सकाळ अपुरी पडते (आत फोटो काढू देत नाहीत, वाद घालू नका), त्यामुळे तिथला मुक्काम वाया जात नाही. पाचवी रात्र काझा आणि त्याच्या पुढचा दिवस पूर्ण आराम. त्यानंतर ‘की’चा मठ, किब्बर आणि लांगझा ही गावं.

आठच दिवस मिळत असतील तर सरळ किन्नौर करून या. कल्पाच्या गच्चीतून दिसणारा किन्नर कैलास हा काही दुय्यम माल नाही. स्पितीच्या नादात तोही धड न बघता धावणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

आणखी एक, परतीच्या बाजूचं. डिसेंबर-जानेवारीत चंदीगडला धुकं असतं आणि सकाळची विमानं रखडतात. डोंगर उतरून त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबई-पुण्याचं तिकीट काढणं म्हणजे दोन्हीकडून जुगार.

डोकेदुखीला ‘प्रवासाचा शीण’ म्हणणं

काझा ३,६००-३,७०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहूनही थोडा कमी भरतो, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर ऑक्सिजनही तेवढाच कमी. सिंहगड दर रविवारी चढत असाल तरी त्याने फारसा फरक पडत नाही. तंदुरुस्त माणसालाही उंची लागते; उलट तरुण मंडळी आधी दिवसभर हुंदडतात आणि रात्री कोसळतात.

डोकं दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, झोप न लागणं ही सुरुवात. अशा वेळी नियम एकच: आहात तिथून वर जायचं नाही. किब्बरची होमस्टे बुक आहे, पैसे भरलेत, सोबतचे लोक निघालेत, यातलं काहीही कारण चालणार नाही. पाणी, सूप, विश्रांती. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. चोवीस तासांत उतार पडला नाही तर खाली.

काही लक्षणं मात्र थांबून बघायची नसतात. बसल्या जागी धाप लागणं, सततचा खोकला, बोलणं अडखळणं, तोल जाणं. संशय आला तर माणसाला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. झोकांड्या जात असतील तर त्याच रात्री काझाच्या सरकारी रुग्णालयात न्या आणि उतरण्याची सोय बघा. इथे एक अडचण आधीच माहीत हवी. काझाहून ‘खाली उतरणं’ सरळसोट नाही. ताबो-सुमदोपर्यंत उतार मिळतो, पण पुढे मलिंगच्या बाजूला रस्ता पुन्हा नाकोच्या उंचीला चढतो आणि मग खाबकडे उतरतो. म्हणून ‘बिघडलं तर उतरू’ या भरवशावर वर चढत राहणं इथे फार महाग पडतं.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन जा, पण गार बोटाला लावून घाबरू नका. बोटं थंड असली की आकडा खोटा, बहुधा कमीच येतो. हात आधी काखेत धरून गरम करा, मग मोजा. डायमॉक्स (उंची लागू नये म्हणून घेतात ती गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी घरच्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. गोळी घेतली म्हणजे कल्पाची रात्र वाचली, असा तिचा अर्थ नाही.

स्वतःची गाडी, पुण्याच्या हवामानासकट

आता गाडी. इथे चुका इतक्या होतात की नवशिक्यांना मी सरळ सांगतो: चंदीगड किंवा शिमल्याहून, नाहीतर निदान किन्नौरमधल्या रिकाँग पिओहून (सगळे ‘पिओ’च म्हणतात) स्थानिक चालकाची गाडी करा. हिमाचल परिवहनची बस रिकाँग पिओहून काझाला सकाळी सुटते आणि रस्ता उघडा असेल तर हिवाळ्यातही जाते. त्या बसचा आणखी एक उपयोग आहे. रस्त्याची बातमी हवी असेल तर पिओच्या स्टँडवर जाऊन ‘आज काझाची बस सुटली का’ एवढंच विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या चारशे मेसेजपेक्षा ते उत्तर खरं असतं.

तरीही गाडी नेणारच असाल तर मेकॅनिककडे निघण्याआधी एक दिवस घालवा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं की नळाचं पाणी ओतायची सवय आहे. पुण्यात ते खपून जातं. काझात पारा उणे वीस-पंचवीसपर्यंत उतरतो, आणि गोठलेलं पाणी फुगून रेडिएटर किंवा थेट इंजिनचा ब्लॉक फोडतं. जुनं सगळं काढून कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरून घ्या. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढून टाका. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर बदलाच, कारण कडक थंडीत चांगल्या बॅटरीचा जोरही निम्म्यावर येतो.

डिझेल गाडीचं दुखणं वेगळं. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. याच कारणाने इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. मैदानातून भरून आणलेल्या टाकीवर काझाची रात्र काढू नका. टाकी अर्ध्यावर आली की वरच्या पंपावर भरा आणि तिथे थंडीचं डिझेल आहे का ते विचारा. कुणीतरी ‘थोडं रॉकेल मिसळा’ म्हणेल. जुन्या ट्रकला ते चालून जायचं, बीएस-सहा इंजिनाला नाही.

रात्री गाडी लावताना: हँडब्रेक ओढू नका, तो गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा. तोंड पूर्वेकडे करून लावता आली तर सकाळचं पहिलं ऊन इंजिनवर पडतं.

आणि सकाळी गाडी सुरूच झाली नाही तर? आधी चहा प्या. खरंच. नऊ-दहाला ऊन येईपर्यंत स्टार्टर मारत राहिलात तर डिझेल गोठलेलंच राहतं आणि बॅटरीही जाते, म्हणजे एकाच्या दोन अडचणी. दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा, तीन-चार वेळा करून बघा, मग सोडून द्या. इंजिन ‘घर्रर्र’ फिरतंय पण पेट घेत नाही, तर बहुधा डिझेल. फिल्टरभोवती गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं गुंडाळा. नुसतं ‘टक टक’ येतंय, तर बॅटरी. शेजारच्या गाडीवरून जंपर केबल लावा. काही चालक टाकीखाली शेकोटी पेटवतात. ते बघून शिकू नका. काचेवरच्या बर्फावर उकळतं पाणी ओतलं तर काच तडकते. जुनं क्रेडिट कार्ड खरवडायला उत्तम.

फोर बाय फोर आहे, मग काय भीती

चारही चाकांना जोर मिळाला की गाडी निघते. थांबवायला मात्र चारच टायर असतात, आणि ते प्रत्येक गाडीला तेवढेच असतात. धोका जाड पांढऱ्या बर्फाचा कमी; खरा धोका असतो वळणावर, सावलीत, जिथे आदल्या दुपारी वरून झिरपलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठलेलं असतं आणि रस्ता फक्त ओला दिसतो. तिथे ब्रेक दाबला की संपलं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा, स्टिअरिंगला झटका देऊ नका. गाडी घसरायला लागलीच तर पाय ब्रेकवरून काढा आणि जिकडे जायचंय तिकडे हळू वळवा.

टायरला लावायच्या साखळ्या नेल्या असतील तर एकदा घरच्या पार्किंगमध्ये लावून बघा. उणे दहात, हातमोजे काढून, पाकिटावरचं चित्र बघत लावायला शिकणं हा प्रकार रस्त्यात नेहमी दिसतो आणि करुण असतो. साखळ्या बर्फावरच लावायच्या, कोरड्या डांबरावर काढायच्या.

सूर्य डोंगराआड गेला की प्रवास संपवा, म्हणजे हिवाळ्यात साडेतीन-चारलाच. ताजा बर्फ पडून गेल्यावर पहिला दिवस-दोन दिवस हिमकडे कोसळायची भीती सर्वात जास्त असते, म्हणून आकाश निळंशार झालंय हे निघायचं कारण होऊ शकत नाही. पश्चिमी विक्षोभाचा (हिवाळ्यात इथे बर्फ आणणाऱ्या हवामान-प्रणालीचा) इशारा हवामान खात्याचं शिमला केंद्र देतं, हिमकड्यांचा अंदाज डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था देते. नेटवर्क आहे तोवर दोन्ही रोज बघत जा.

बंद खोलीत शेगडी

स्पितीतल्या घरात मधल्या खोलीत बुखारी असते, म्हणजे सरपणावरची लोखंडी चूल, धुराड्याची नळी छपरातून बाहेर. घरचे लोक रात्री ती विझू देतात आणि जाड रजया घेतात. पाहुण्यांना मात्र वाटतं, रात्रभर पेटती हवी, किंवा निखाऱ्यांची शेगडी उचलून आपल्या खोलीत आणावी. आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने होणारी डोकेदुखी-मळमळ अगदी उंची लागल्यासारखीच असते. एका खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर आधी दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मग उंचीचा विचार करा.

हेच गाडीचं. बर्फात अडकल्यावर इंजिन चालू ठेवून हीटरवर झोपतात, तोवर मागे सायलेन्सर बर्फाने बुजतो आणि धूर आत येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं गेली. अडकलात तर इंजिन थोडा वेळ चालवा, थोडा वेळ बंद ठेवा, प्रत्येक वेळी आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा.

कपडे: जाड एक, की पातळ चार

महागडं जॅकेट घेतात आणि आत सुती बनियन घालतात. घाम सुतात मुरतो, वाळत नाही, आणि थांबलात की तोच घाम तुम्हाला गारठवतो. अंगाला थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, वारा असला तर सर्वांत वर वारा अडवणारं पातळ कवच. जीन्स घरीच ठेवा.

बुटांबाबत आग्रहाने सांगतो: एक नंबर मोठा घ्या. नेहमीच्या मापाच्या बुटात मोज्यांच्या दोन जोड्या कोंबल्या की रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. रात्री उद्याचे मोजे आणि हातमोजे रजईत घेऊन झोपा. गॉगल फॅशनसाठी नव्हे. बर्फावरून परतलेल्या उन्हाने डोळे इतके दुखावतात की रात्री उघडवत नाहीत.

बोटं पांढरी पडून बधिर झाली तर बर्फाने चोळू नका, बुखारीला टेकवू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. ताप आलेल्या अंगाइतक्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, आणि पुन्हा गोठायची शक्यता असेल तर गरम करायची घाईही नको.

मोबाइल, कॅमेरा

चाळीस टक्क्यांवरचा फोन बाहेर काढताच बंद पडतो. बिघडलेला नसतो, बॅटरी गारठलेली असते. आतल्या खिशात ठेवा, पुन्हा चालू होतो. गारठलेला असताना चार्जिंगला लावू नका, शून्याखाली चार्ज केल्याने लिथियम बॅटरी कायमची खराब होते. बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा दारातच झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर पिशवीतच राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, लेन्सच्या आत नाही. आल्याआल्या फोटो बघायची घाई लेन्सला बाधते.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं.

संडास, पाणी आणि यजमान

हिवाळ्यात स्पितीतले नळ गोठतात. पाणी हापशावरून किंवा झऱ्यावरून वाहून आणलेलं असतं, आणि ते तापवायचं लाकूड खालून ट्रकने आलेलं असतं; या खोऱ्यात झाडं जवळपास नाहीतच. रोज बादलीभर कढत पाणी मागणारा पाहुणा यजमानीणबाईंची अर्धी सकाळ खातो. चार दिवस अंघोळ नाही केली तर काही बिघडत नाही.

संडास कोरडा असतो: वरच्या मजल्यावर मातीची जमीन, मधे भोक, कोपऱ्यात फावडं आणि माती-राखेचा ढीग. काम झालं की दोन फावडी माती ढकलायची. आपल्या सवयीने वर पाणी ओतलं की ते खाली गोठतं, कुजणं थांबतं, आणि वसंतात शेतात जायचं त्यांचं खत वाया जातं. वेट वाइप्सही त्यात टाकू नका. पिशवीत घालून परत आणा.

जेवणात खोडी काढणारेही असतात. काझाच्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांलाच उकळतं, कुकरशिवाय राजमा शिजत नाही. ‘अर्ध्या तासात जेवण’ इथे होत नाही. थुक्पा (नूडल्सचं सूप) मागवा, लवकर होतो. खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवा. चॉकलेट दगड होतं, चिक्की मुळात दगडच.

पैसे, परवाने

बर्फात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, त्याबरोबर यूपीआय आणि एटीएमही. रोख पिओलाच काढा, लागेल त्याच्या दीडपट.

पिओ-काझा रस्त्यावर भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. पण सोबत अमेरिकेहून आलेली मावसबहीण असेल आणि तिच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही तिला संरक्षित क्षेत्राचा परवाना काढावा लागतो. तो पिओला मिळतो, सुट्टीच्या दिवशी नाही. वार बघून पोहोचा. तिकडून येताना कुणी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणत असेल तर आणू देऊ नका, भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे.

हिमबिबट्या ‘करून’ येणं

किब्बरला फेब्रुवारी-मार्चमध्ये हिमबिबट्या दिसण्याची शक्यता चांगली असते, कारण भरल आणि आयबेक्स या रानमेंढ्या-रानशेळ्या खाली उतरतात आणि त्यांच्यामागे तोही. पण एका दिवसाच्या फेरीत तो दिसेल म्हणून जाणारे बहुतेक हात हलवत येतात. गावातले माग काढणारे लोक पहाटेपासून दुर्बिणी लावून कडे न्याहाळत बसतात, कित्येकदा तीन-तीन दिवस. त्यासाठी जायचं असेल तर किब्बरला निदान चार-पाच रात्री ठेवा, त्याही काझाला अंग रुळल्यावर, आणि माग काढणाऱ्याची मजुरी सहलीच्या खर्चात आधीच धरा. तो ‘बसा’ म्हणाला की बसायचं, जवळच्या फोटोसाठी पुढे सरकायचं नाही. चमकदार लाल-नारिंगी जॅकेट त्या दिवशी नको. ड्रोन तर बॅगेतूनच काढू नका. किब्बर अभयारण्य आहे आणि तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय ते उडवता येत नाही.